मृगापूर्वी विहीर उपसताना आधी मीटर उतरवा

मृगाचा पाऊस येण्याआधी विहिरींचा गाळ काढण्याचे आणि गोबरगॅसच्या टाक्या उपसण्याचे काम खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंत एकदमच निघते. या कामात नाकावर विसंबू नये. शेणकाल्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण 100 भागांच्या आसपास गेले की नाक बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायूही गेला असे समजून माणूस खाली उतरतो.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आलेला असतो, वायू मोजणारा मीटर 19.5 टक्क्यांलाच शिट्टी देतो. गोबरगॅसच्या टाकीवर तर कंदील नेऊच नये, कारण तिथे पेट घेणारा मिथेन वायू असतो.

खिशात मावणाऱ्या चार वायूंच्या मीटरमध्ये ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू ओळखणारे छोटे सेन्सर असतात. तो मोकळ्या हवेत सुरू करावा, ऑक्सिजन 20.9 दाखवतो याची खात्री करावी, मग दोरीने सोडताना दर चार फुटांवर एक-दोन मिनिटे थांबावे. वरून आकडे दिसत नाहीत, म्हणून वर ओढल्यावर मीटरने नोंदवलेला सर्वांत कमी ऑक्सिजन आणि इतर वायूंचे सर्वाधिक आकडे पाहावेत.

विहिरीसाठी मात्र एक अडचण आहे, आणि विक्रेते ती सहसा सांगत नाहीत. हा मीटर तळाशी साचणारा कार्बन डायऑक्साइड मोजत नाही; तो वायू हवेत सहा-सात टक्के मिसळेपर्यंत ऑक्सिजनचा आकडा 19.5 वर येत नाही, आणि तेवढा वायू माणसाला आडवा करायला पुरेसा असतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा इन्फ्रारेड सेन्सर असलेलाच मीटर घ्यावा. बाजारात मिळणारे स्वस्त, तापणारे सेन्सर दमट हवेनेही आकडे बदलतात, त्यामुळे जिवाचा निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

शेणकाला ढवळताच अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून काम चालू असताना मीटर उतरलेल्या माणसाच्या छातीशी असावा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नये. खालचा माणूस पडला तर मागोमाग कोणीही उतरू नये. कमरेचा दोर वरून ओढावा आणि 112 वर फोन करावा.

एकट्याला मीटर महाग पडतो, तेव्हा गावच्या सोसायटीने एक घेऊन ठेवावा. त्यातील रासायनिक सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत कमजोर होतात, त्यामुळे बसवल्याची तारीख डब्यावर खडूने नव्हे, पक्क्या शाईने लिहावी.