डोकं दुखायचं, गाठी मात्र मानेत होत्या

दुपार कलली की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. ठणका नाही, मळमळ नाही, पण कुणी हाक मारली तरी चिडचिड. डॉक्टरांनी तपासून ताणाची डोकेदुखी सांगितली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं, हेही बजावलं.

फिजिओताईंनी उताणं झोपवलं, बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली, मान सुरू होते तिथं टेकवली आणि डोक्याचा सगळा भार त्यांवर सोडायला लावला. चोळणं नाही, रगडणं नाही. (सलूनमध्ये कडाकडा मान मोडून घेण्याची हौस सोडाच, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.) आधी कळ थेट भुवईपर्यंत गेली, मग हळूहळू स्नायू सैलावले. खांद्यावरच्या गाठीही तशाच दाबून धरल्या.

आता घरी मोज्यात दोन टेनिस बॉल घालून गाठ मारते आणि त्यावर मान टेकून पडते. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवलाय. डोकं अधूनमधून धरतं, पण गोळी क्वचितच लागते. संध्याकाळी मुलांवर खेकसणं कमी झालंय, असं सासूबाईच म्हणाल्या.