जुन्या डिझेल पिकअपला नवी बॅटरी घेताना

किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो, डॅशबोर्डावरचे दिवे मंदावतात आणि मागच्याचा हॉर्न सुरू होतो. माझ्या बाबतीत हे झालं गोव्यातल्या चोडणच्या धक्क्यावर. डिचोलीहून मयेमार्गे पणजीच्या बाजारात केळी न्यायची होती. हौद्यात सालदाटीचे घड, समोर रायबंदरला जाणारी फेरीबोट लागलेली, आणि पिकअप जागची हलेना. रांगेतल्या पोरांनी गाडी बाजूला ढकलली, फेरी निघून गेली, त्या दिवसाचा बाजार बुडाला. त्याच संध्याकाळी तावातावाने नवी बॅटरी घेतली. दुकानदाराने जुनीला मीटरही लावला नाही, आणि मीही लाव म्हटलं नाही. आठव्या दिवशी घराच्या अंगणात पुन्हा ‘टक्’!

मग वाड्यावरचा इलेक्ट्रिशियन आला. बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसता बघत राहिला आणि म्हणाला, “बॅटरी बरी आसा. अर्थिंग पळयलां?” म्हणजे, अर्थिंग बघितलंस का? इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची जाळीदार पट्टी होती, तिच्या बोल्टखाली हिरवी पूड साठलेली. पट्टी घासून परत कसली आणि गाडी पहिल्याच सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरच्या पहिल्याच फेऱ्याला, उठली.

तेव्हा पहिली पायरी बाजारात जाण्याची नाहीच. आधी गुन्हेगार कोण ते ठरवायचं.

आधी मीटर लावा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ वर आली असेल तर जवळपास रिकामी. रिकामी आणि खराब यांत फरक आहे, हे विसरू नका. रिकामी बॅटरी नीट चार्ज करून पुन्हा तपासल्याशिवाय तिला मोडीत काढू नये.

भरलेली दिसली तरी तेवढ्यावर तिला निर्दोष मानायचं नाही. खरी परीक्षा ओझ्याखाली. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ फिरत असताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती थकली आहे. उलट व्होल्ट बरे राहतात पण सेल्फ रडतखडत फिरतो, तर दोष बहुधा वायरिंगमध्ये किंवा सेल्फमध्येच.

आता माझ्या चुकीची पायरी, म्हणून जरा थांबून सांगतो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा. खांबावर म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दाखवावेत. माझ्या गाडीत दीडच्या घरात आकडा आला होता. म्हणजे सेल्फकडे जायच्या दाबातला एवढा वाटा त्या हिरव्या पुडीनेच खाल्ला. पॉझिटिव्ह बाजूचीही अशीच चाचणी करता येते: एक पिन पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फवरच्या जाड वायरच्या बोल्टवर. किनाऱ्याजवळ, कळंगुट किंवा कोलव्याच्या बाजूला गाडी उभी राहत असेल, तर खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस हे काम फार लवकर करतात.

शेवटी इंजिन चालू करून पुन्हा व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावेत. १३ च्या खाली राहत असतील तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा बघा. १४.८ च्या वर जात असतील तर त्याचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला आहे, आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकेल. काही गॅरेजांत चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘डायनॅमो बघतात’. ते करू देऊ नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात.

बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर हायड्रोमीटरनेही, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीनेही, बघता येतं. सहापैकी पाच सेल १२५० दाखवतात आणि एकच ११५० वर अडकलाय, चार्ज करूनही वर येत नाही, असं दिसलं की विषय संपला. त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नका.

लेबलवर काय वाचायचं

बॅटरीच दोषी ठरली, तर दुकानात जाण्याआधी जुन्या बॅटरीचा वरून आणि बाजूने फोटो काढा. लांबी, रुंदी, उंची टेपने मोजा. बॉनेट लावल्यावर टर्मिनल आणि पत्र्यात अंतर किती राहतं तेही बघा. उंच बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉनेटला टेकला तर आग लागू शकते.

लेबलवर बहुधा ‘७५-डी-३१-एल’ सारखा जपानी पद्धतीचा कोड असतो. पहिला आकडा ताकदीची पायरी दाखवतो, अक्षर रुंदी-उंचीचा गट, ३१ म्हणजे सेंटिमीटरमध्ये साधारण लांबी, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते. या शेवटच्या ‘एल’ आणि ‘आर’ने भल्याभल्यांना फसवलं आहे, कारण डावं-उजवं कुठून बघायचं यावरच दुकानात वाद होतो. अक्षरावर विसंबू नका, फोटो दाखवा. बाजू उलटी निघाली तर वायर पोचत नाही, आणि ओढूनताणून लावताना कुणीतरी उलटी जोडणी करून ठेवतो.

एएच (अँपिअर-तास) म्हणजे साठवण. ८० एएच लिहिलं असेल तर ती बॅटरी ४ अँपिअरच्या हिशोबाने २० तास चालेल. जुन्या डिझेल पिकअपना साधारण ६५ ते १०० एएचमधली बॅटरी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा कंपनीच्या यादीत बघा. पेट्रोल इंजिन हवा ९ ते ११ पट दाबतं, डिझेल १७ ते २२ पट. त्यामुळे सेल्फ पहिल्या क्षणी काहीशे अँपिअर ओढतो. कमी एएचची स्वस्त बॅटरी घेण्याचा मोह इथेच महागात पडतो. थोड्या जास्त एएचची चालते, ट्रेमध्ये नीट बसत असेल तर. पण जास्त एएच म्हणजे जास्त आयुष्य, हा समज काढून टाका.

सीसीए हा आकडा थंडीतल्या ताकदीचा. प्रचलित अमेरिकी चाचणीत उणे १८ अंशांवर, ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता किती अँपिअर देते ते मोजतात. डिसेंबरच्या पहाटे सत्तरी तालुक्यात शाल लागते हे खरं, पण उणे १८ काही होत नाही! गाडीच्या पुस्तकात दिलेला सीसीए गाठला की पुरे. त्याच्या दीडपट आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. आपल्याकडे बॅटरी मरते ती उष्म्याने. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आतली झीज जवळपास दुप्पट वेगाने होते, आणि इंजिनाला खेटून बसलेल्या बॅटरीला एप्रिल-मेमध्ये भट्टीत ठेवल्यासारखंच असतं. मूळ गाडीत बॅटरी आणि इंजिनामध्ये उष्णतारोधक पत्रा किंवा कव्हर असेल आणि मधल्या मालकाने ते फेकून दिलं असेल, तर आधी ते परत बसवा.

कुठल्या जातीची

माझं मत स्पष्ट आहे. महिन्याला एकदा बॉनेट उघडून पाणी बघणारे असाल, तर झाकणांची साधी बॅटरी घ्या. उष्म्यात उडालेलं पाणी परत भरता येतं आणि एकेक सेल तपासता येतो. बघणं होणार नाही हे स्वतःला ठाऊक असेल तर मेंटेनन्स-फ्री घ्या. एजीएम बॅटऱ्या (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेल्या) उत्तम असतात, पण जुन्या पिकअपच्या गरम बॉनेटखाली आणि जुन्या रेग्युलेटरवर त्यांचं चीज होत नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत बसवणारे मी पाहिले आहेत. ती हळूहळू, तासन् तास वीज द्यायला बनवलेली असते. एका दमात शेकडो अँपिअर देणं हे तिचं काम नव्हे.

गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, सलग जोडून २४ व्होल्ट केलेल्या असोत की समांतर, तर दोन्ही एकाच वेळी बदला. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर जुनी नवीला आपल्यासोबत खाली ओढते.

दुकानात

एक्साइड, अ‍ॅमरॉन, एसएफ, टाटा ग्रीन यांपैकी कुठली, हा वाद मी घालत नाही. ताजेपणा बघा. उत्पादनाची तारीख लेबलवर किंवा प्लास्टिकवर कोडमध्ये छापलेली असते. उलगडत नसेल तर दुकानदाराला उलगडायला लावा. शेल्फवर पडून राहिलेली बॅटरी हळूहळू रिकामी होते आणि आत प्लेटवर सल्फेटचा थर बसतो. मी तीन महिन्यांपेक्षा जुनी घेत नाही. मीटर समोर लावायला सांगा. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

वॉरंटी ‘२४ अधिक २४’ अशी लिहिलेली असली तर पहिल्या भागात बदलून मिळते, दुसऱ्या भागात वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने फक्त सूट. माल वाहणाऱ्या गाडीला वॉरंटी वेगळी असू शकते, म्हणून कार्डावर गाडीचा नंबर आणि प्रकार खरा लिहून घ्या, शिक्का मारून घ्या.

जुनी बॅटरी दुकानातच द्या. शिशाला भाव आहे, किंमत बिलातून वजा होते. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात. भंगारवाल्याला दिली तर आतलं आम्ल कुणाच्या शेतात ओतलं जाईल याची खात्री नाही.

बसवताना

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. पाना पॉझिटिव्हवर असताना चुकून बॉडीला लागला तरी निगेटिव्ह सुटी असल्यामुळे ठिणगी पडत नाही. जवळ विडी नको, बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. ट्रेवर सांडलेलं आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, गंज घासून रंग लावा. क्लॅम्प आतून चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट कसा, आणि मग वरून व्हॅसलिन लावा. आधी लावू नका.

बॅटरी दाबून धरणारी पट्टी बसवाच. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांवर सुटी बॅटरी हादऱ्यांनी आतून तुटते आणि वॉरंटीवाला ते ओळखतो.

बॅटरीवर मार्करने तारीख लिहा. झाकणांची असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर भरायचं, तेही प्लेट बुडतील इतकंच. चवथीला किंवा पावसात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर निगेटिव्ह सोडून ठेवा. क्लॅम्प खांबाला परत टेकू नये म्हणून मी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून ठेवतो.