मिशनवरचा पहिला नाताळ: निघण्यापूर्वीची आणि तिथली तयारी

धर्मप्रचारासाठी घरापासून दूर मिशनवर असाल, तर नोव्हेंबर लागला की आधी आपल्या संस्थेचा नियम नीट वाचून घ्या. घरी फोन कधी करता येतो, किती वेळ, व्हिडिओ कॉल चालतो का. हे सगळीकडे सारखं नसतं आणि बदलतही असतं. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे मॉर्मन पंथाचे, तरुण मिशनरी (मुलगे 24 महिने, मुली 18 महिने) 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरी वर्षातून दोनदाच फोन करू शकत, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याची ईमेल. आता दर आठवड्याला, तयारीच्या दिवशी (स्वतःच्या कामांसाठीच्या मोकळ्या दिवशी), घरच्यांशी बोलता येतं. म्हणून जुन्या मिशनऱ्यांचा सल्ला घेताना तो कोणत्या काळातला आहे ते बघा. वर्षातून दोनदा बोलणाऱ्याला वेळ पुरत नसे, दर आठवड्याला बोलणाऱ्याला विषय पुरत नाहीत. नियम कळला की घरी दिवस आणि वेळ ठरवूनच कळवा. ‘बघू, जमलं तर करतो’ असं आईला सांगितलंत, तर ती दोन दिवस फोन उशाशी घेऊन बसेल.

पार्सलचं काम घरच्यांचं असलं तरी सूचना तुम्हीच द्यायच्या. पत्ता राहत्या खोलीचा देऊ नका. बदल्या साधारण सहा आठवड्यांनी होत असतील, तर पार्सल पोहोचेपर्यंत तुम्ही दुसऱ्या गावात असाल. मिशनच्या ऑफिसचा पत्ता बरा. परदेशी पार्सलवर कस्टमचा फॉर्म लागतो, छोट्याला सीएन 22, मोठ्याला किंवा जास्त किमतीच्या मालाला सीएन 23. त्यावर नुसतं ‘गिफ्ट’ लिहिलं की डबा अडकून पडायची शक्यता वाढते. ‘लोकरी मोजे, 3 जोड’, ‘वही, 1’ असं एकेक वस्तू, संख्या आणि किंमत घालून लिहायला सांगा. वस्तू रंगीत कागदात बांधून पाठवू नयेत, कारण तपासणीत तो कागद फाटणारच. कागद घडी करून आत ठेवावा, इकडे तुम्ही बांधा. पॉवर बँक किंवा सुटी लिथियम बॅटरी पोस्टात बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला तर बिया, फळं, मांस यांचं नावही काढू नये.

पाठवायचं काय? माझं मत विचाराल तर वजनाला हलकं आणि हातानं लिहिलेलं. घरातल्या प्रत्येकाची एकेक चिठ्ठी, वर तारीख घातलेली, 20 डिसेंबरपासून रोज एक उघडायला. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: सोबत्यासाठीही, म्हणजे तुमच्या जोडीला असणाऱ्या दुसऱ्या मिशनऱ्यासाठीही, काहीतरी असू द्या, वर त्याचं नाव घालून. एका खोलीत दोघं राहत असताना एकाला डबा आला आणि दुसऱ्याला काहीच नाही, की तो दुसरा ‘मला काय त्याचं’ म्हणत उगाच भांडी घासायला उठतो. हे टाळता येण्यासारखं आहे.

आता तिथलं कॅलेंडर. जपानमध्ये 25 डिसेंबर हा कामाचा दिवस असतो, शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्यांवर त्या तारखेचा काही परिणाम नाही. सर्बिया, जॉर्जियातलं ऑर्थोडॉक्स चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतं, ते 13 दिवस मागे चालतं, म्हणून तिथे नाताळ 7 जानेवारीला. युक्रेनने मात्र 2023 पासून सरकारी सुट्टी 25 डिसेंबरवर आणली. जपान, सर्बियासारख्या देशात जाणार असाल तर 25 तारखेला रस्त्यावर सुट्टीचं वातावरण दिसणार नाही, याची मनाशी आधीच गाठ मारा. दक्षिण गोलार्धात तर तो भर उन्हाळा. याउलट जिथे सगळा देशच सण साजरा करतो, तिथे दुकानं आणि बस बंद असतात; वाणसामान 23 लाच भरून ठेवावं.

दिवस आखताना एक लक्षात ठेवा: सकाळ जड जात नाही. उपासना असते, गाणी असतात, माणसं गळ्यात पडतात. जड जाते ती दुपार, आणि त्याहून जास्त घरचा फोन ठेवल्यानंतरचा अर्धा तास. या दोन वेळांची सोय झाली की बाकीचं निभतं. दुपारसाठी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वृद्धाश्रम किंवा रुग्णालयाशी बोलून घ्या, परवानगी लागते. बोलताना ‘25 ला येऊ का?’ असं विचारू नका. त्या दिवशी सकाळी तिथे भेट देणाऱ्यांची रीघ असते. कोणत्या वेळी कुणीच फिरकत नाही ते विचारा. चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या घरी जेवायला बोलावलं असेल, तर जरूर जा. मात्र दुसऱ्याची मुलं बापाच्या पाठीवर चढलेली बघताना गळ्याशी येतं, ते तिथेच येतं. पाहुण्यासारखं खुर्चीत बसून राहिलात तर अधिकच. उठून काहीतरी काम मागून घ्या, वाढायचं, ताटं उचलायचं, काहीही.

फोनची वेळ ठरवताना घड्याळाचं गणित आधी कागदावर करा. अमेरिकेतल्या युटामधले आईवडील आणि फिलिपिन्समधला मुलगा यांच्यात डिसेंबरात 15 तासांचं अंतर असतं. त्यांच्या 24 तारखेच्या संध्याकाळचे सात म्हणजे त्याच्या 25 तारखेच्या सकाळचे दहा. चार्जिंग, डेटा, नेट कुठे नीट मिळतं हे आदल्या दिवशी बघून ठेवा. घरी सांगा की आजी-आजोबांना आधी द्या. स्क्रीनमध्ये नेमकं कुठे बघायचं यातच त्यांची पाच मिनिटं जातात, आणि सगळे एकदम बोलायला लागले की ते मागे सरकून नुसते हसत बसतात. सांगण्यासारखे दोन प्रसंग मनात तयार असू द्या, नाहीतर ‘जेवलास का?’ ‘हो’ यावरच कॉल संपतो. रडू आलं तर येऊ द्या, घरच्यांना कळतंच. फोन कोणी ठेवायचा हेही ठरवा. माझ्या मते तुम्हीच ठेवावा. आणि कॉल रात्री झोपायच्या आधीचा घेऊ नका. तो अशा वेळी घ्या की संपल्यावर लगेच पायात बूट घालून सोबत्याबरोबर कुठेतरी जायचं असेल, कुणीतरी वाट बघत असेल.

सोबत्याच्या घरची परिस्थिती आधीच विचारून ठेवा. कुणाच्या घरी नाताळ पाळतच नाहीत, कुणाच्या घरच्यांना त्याचं मिशनवर जाणंच पटलेलं नसतं. अशा मुलाचा कॉल तीन मिनिटांत संपतो. तुमचा त्यानंतर लगेच, त्याच खोलीत, मोठ्यानं चालू नसावा.

कॅथलिक धर्मगुरूंचं गणित जरा वेगळं. मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा तीन मिस्सा (उपासना), त्यात दूरदूरच्या वस्त्या असल्या तर 25 ला घराची आठवण काढायलाही उसंत नसते. त्यांना एकटेपणा गाठतो 26 ला, संत स्टीफनच्या सणाला, अंगातला शीण उतरताना. त्यांनी घरच्या फोनची वेळ त्याच दिवशीची ठरवावी.

बाकीच्यांनी 26 ला आभाराची पत्रं लिहून टाकावीत, पुढे ढकलली की राहतात. पार्सल अजून आलं नसेल तर तेही घरी सांगून टाका. डिसेंबरात कस्टममध्ये ढीग लागतो, जानेवारी उजाडतो. वडिलांनी दिवसातून चार वेळा ट्रॅकिंग नंबर बघितला म्हणून ते लवकर सुटत नाही.