घर शिफ्ट करताय? सामान निवडताना या चुका टाळा

आम्ही डोंबिवलीहून पुण्याला आलो तेव्हा टेम्पोतून एक खोका उतरला, वर मार्करने लिहिलेलं "किचन, महत्त्वाचं". उघडला तर आत मिक्सरची 3 भांडी आणि त्यातलं एकही आमच्या मिक्सरला बसत नाही, कारण ज्याची ती होती तो मिक्सर कधीच भंगारात गेलाय. म्हणजे भाडं देऊन आम्ही त्यांना पुणं दाखवायला आणलं.

हे होतं कारण आपण निवडानिवड पॅकिंगच्या आदल्या रात्री करतो. तेव्हा डोकं चालत नाही, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत सगळं खोक्यात जातं. महिनाभर आधी सुरू करा, आणि ते पण माळ्यावरून आणि दिवाणाच्या पोटातून, रोजच्या वापरातल्या वस्तूंचं काय ते तसंही ठरलेलंच असतं. मागच्या शिफ्टिंगची चिकटपट्टी अजून न निघालेला खोका सापडला तर आत काय आहे ते बघा जरूर, पण तो बहुतेक जाणाराच. आधी सुरू केलं की रद्दीवाला, बोहारीण, भंगारवाला सगळ्यांशी घासाघीस करायला वेळ मिळतो, शेवटच्या दिवशी भंगारवाल्याला बरोब्बर कळतं की तुम्ही अडलाय.

दुसरी चूक माझी स्वतःची आणि महागातली. नवीन घर बघायला गेलो तर खिडक्या बघितल्या, पाणी किती वेळ येतं विचारलं, पण टेप घेऊन गेलो नाही. आमचं लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, लिफ्टमध्ये जाईना म्हणून जिन्याने न्यायला घेतलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते असं अडकलं की ना वर ना खाली, शेजारच्या काकू भाजी घेऊन खाली थांबलेल्या, हमाल म्हणतात साहेब दरवाजे काढा. काढले. वरचे 500 रुपये गेले ते वेगळेच. त्यामुळे कपाट, फ्रिज, पलंग, सोफा यांची मापं आणि तिकडच्या दाराची, लिफ्टची, जिन्याच्या वळणाची मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि मगच न्यायचं की विकायचं ते ठरवा.

भुश्याच्या बोर्डाचं स्वस्तातलं वॉर्डरोब शक्यतो विकून टाका. एकदा खोललं की परत त्याच भोकात स्क्रू धरत नाही, दार लोंबकळायला लागतं. सागवानी जुनं काही असेल तर ते बिनधास्त न्या.

मशीनचं थोडक्यात. फ्रिज उभाच न्यायचा, आडवा आला असेल तर काही तास उभा ठेवून मग चालू करायचा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (ड्रम जागेवर धरून ठेवणारे, घेताना मेकॅनिकने काढून पिशवीत दिलेले) शोधून परत लावा, नाहीतर ड्रम रस्ताभर आपटत जातो. गावच बदलणार असाल तर सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट आणि ट्रान्सफरचा कागद घ्या, शेगडी तुमचीच राहते. पण नवीन घरात पाईप गॅस असेल तर तिचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं) बदलावे लागतात हे आम्हाला तिकडे गेल्यावर कळलं.

आणि एक, हे जरा नाजूक आहे. दुसऱ्याची वस्तू न विचारता काढू नका. मी आईचं पितळी घंगाळ मोडीत घातलं, गीझर असताना ते कशाला म्हणून, वजनावर पैसेही बरे आले. आई तेव्हा काहीच बोलली नाही. आता दर नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावताना बोलते.

कागदपत्रं, दागिने, औषधं टेम्पोत टाकायची नाहीत, ती स्वतःबरोबर. त्याच पिशवीत चार्जर, स्क्रू ड्रायव्हर, एक पातेलं, चहा-साखर आणि गाळणी टाका. आमची गाळणी त्या महत्त्वाच्या खोक्यात नव्हती, नवीन घरातला पहिला चहा आम्ही रुमालातून गाळला.