घरातल्या माजी सैनिकाच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या असतील तर

पहिला प्रश्न बुटांचा विचारा. किंवा पाठीवरच्या ओझ्याचा, झोपायच्या जागेचा. ‘लढाईत काय झालं?’ हा प्रश्न मी माझ्या वडिलांना, अण्णांना, सोळाव्या वर्षापासून विचारत होते आणि उत्तर ठरलेलं असायचं, “काय व्हायचंय? गेलो आणि आलो.” मग माझी चाळिशी उलटल्यावर एकदा मी सहज म्हणाले, “बूट भिजले की वाळवायचात कुठे?” अण्णा पाऊण तास बोलले. अकरा दिवस बूट काढलेच नव्हते. काढले तेव्हा मोज्याबरोबर कातडी सोलून आली, आणि परतताना पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट होते. तो दुसरा कोण, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. सांगायचं असेल तर ते नाव चौथ्या-पाचव्या बैठकीत आपणहून येतं.

अण्णा सिग्नलमध्ये होते, टेलिफोनच्या तारा टाकणारे. गोळाबारात तार तुटली की रात्री ती मुठीत धरून, हातातून सरकवत चालत जायचं आणि तुटलेलं टोक सापडलं की अंधारातच जोडायचं. मी लहान असताना ते कपड्यांच्या दोरीखालून जाताना दोरी मुठीतून सरकवत जायचे. मला वाटायचं, गंमत करतात. रेकॉर्डिंगच्या आधी आठवडाभर माणसाच्या अशा सवयी नुसत्या टिपून ठेवा. दाराकडे पाठ करून बसतो का, दिवा बंद करून झोपतो का. प्रश्न त्यातूनच सापडतात.

बसायचं कुठे? ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला. ही बारीकसारीक गोष्ट नाही. अमेरिकेत सैन्यसेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी जे भत्ते देतात, त्यांत सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे कानात सतत घुमणारा आवाज. अण्णांचा डावा कान गेलेला होता आणि पहिल्या दोन बैठका मी डावीकडेच बसून वाया घालवल्या. ते अंदाजाने उत्तरं देत होते. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका. मध्येच रिंग वाजून माणूस दचकला की त्या दिवसाचं काम संपलं. फोन समोर, दिसेल असा ठेवा. चोरून रेकॉर्ड करणं हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वेळ सकाळची. रात्री झोपायच्या आधी हा विषय काढू नये, त्याची किंमत त्या माणसाची झोप मोजते. पाऊण तास झाला की थांबा आणि अधांतरी सोडू नका: परतीची गाडी, पहिली सुट्टी, बदलीचं ठिकाण, अशा कशावर तरी आणून सोडा.

शब्द त्याचेच ठेवा. स्विस भाडोत्री सैनिकांच्या घरओढीच्या आजाराला १६८८ साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘नॉस्टॅल्जिया’ म्हटलं. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडीला १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ म्हटलं गेलं. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा त्रास, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० मध्ये. त्याआधी लढून आलेल्या माणसाकडे आपल्या त्रासाला एवढाच शब्द असतो, ‘डोकं फिरतं’ किंवा ‘झोप मोडली’. तेच लिहा. निदान आपण करायचं नाही.

तसंच ‘शौर्य’ आणि ‘भीती’ हे शब्दही आपण पुढे करू नयेत. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्याने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या आणि २००६ मध्ये त्यांना माफी दिली. नव्वद वर्षांनी सरकारचं मत बदललं, पण त्या घरांतल्या पोरांनी मधली सगळी वर्षं काढलीच की.

घरात जुनी पत्रं असतील तर ती आधी वाचा, आणि ती सेन्सॉरच्या डोळ्याखालून आलेली आहेत हे लक्षात ठेवून वाचा. पहिल्या महायुद्धात युरोपात लढणाऱ्या हिंदी सैनिकांनी घरी लिहिताना काळी मिरी, लाल मिरी असे शब्द वापरले. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरी म्हणजे गोरी. मिरी किती उरली, यावरून घरच्यांनी काय ते समजायचं. आमच्याकडे अण्णांच्या पत्रात ‘पाऊस थांबला’ असं आलं की आई समजायची, गोळाबार थांबला. हे मला अण्णांनी कधीच सांगितलं नाही, आईने सांगितलं.

म्हणून आईची बैठक वेगळी घ्या, नवरा खोलीत नसताना. माझ्या सहा तासांच्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत मोलाचा भाग तिचा आहे. अण्णांना उठवताना हात लावायचा नाही, पायांपासून चार पावलं लांब उभं राहून नाव घ्यायचं, हे ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिकली. कशी शिकली, ते तिने सांगितलं आणि मग रेकॉर्डर बंद करायला लावला. मी बंद केला.

कागदपत्रांचे फोटो आजच काढा. सरकारी दप्तरात सगळं असेल या भरवशावर राहू नका. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ब्रिटनमधल्या पहिल्या महायुद्धाच्या सेवानोंदींचा मोठा भाग जळाला. १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसच्या कचेरीत आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली गेल्या. कागद आणि आठवण जुळली नाही तर तिथल्या तिथे दुरुस्ती करू नका. अण्णा म्हणायचे, त्या रात्री लख्ख चांदणं होतं. मी तिथी काढून पाहिली, अमावास्या दोन दिवसांवर होती. कदाचित उजेड चांदण्याचा नसेलच. मी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या.

बरोबर कोण होतं, याची यादी करा, गावं-वस्त्यांसकट. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ॲक्रिंग्टन या इंग्लंडमधल्या गावाच्या आणि आसपासच्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ मारले गेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांना एकत्र भरती केलं होतं, त्यामुळे दुःखही गल्लीच्या गल्लीत एकदम आलं. यादी केल्याशिवाय हे दिसत नाही.

काही माणसं आपल्यापुढे तोंड उघडतच नाहीत. तेव्हा जुना सोबती बोलावता आला तर बोलवा. जपानचा सैनिक हिरू ओनोदा दुसरं महायुद्ध संपल्यावरही फिलिपाइन्समधल्या लुबांग बेटावर १९७४ पर्यंत लढत राहिला. युद्ध संपल्याचं त्याला कुणी पटवू शकलं नाही. शेवटी त्याच्या जुन्या मेजरने समोर येऊन हुकूम वाचला, तेव्हा त्याने बंदूक ठेवली. (मधल्या काळात त्याच्या टोळीच्या गोळ्यांनी बेटावरची माणसं मेली. त्यांच्या घरच्यांकडे रेकॉर्डर घेऊन कोण गेलं, हाही प्रश्न आहेच.)

आता अवघड भाग. ‘किती मारले?’ हे विचारायचं नाही, नातवंडांनाही आधीच बजावून ठेवा. आणि आपणहून सांगितलं तर ‘तुमचं कर्तव्यच होतं’ असं म्हणू नका. मी म्हणाले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, “हो” म्हणाले आणि पुढचे तीन महिने बसलेच नाहीत. त्या वाक्याने आपली सुटका होते, त्यांची होत नाही. गप्प बसा, पाणी द्या, रेकॉर्डिंग चालू ठेवू का तेवढं विचारा. ‘जगून काय करायचंय’ असं काही निघालं तर मात्र रेकॉर्डिंग विसरा, माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेवटची बैठक तुमची स्वतःची. अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्या युद्धाचं शेवटचं पेन्शन २०२० पर्यंत चालू होतं, एका सैनिकाच्या मुलीला, महिना ७३ डॉलर १३ सेंट. मुलीच्या मृत्यूनंतर ते थांबलं. युद्ध असं मुलांपर्यंत येतं, तेव्हा आपणही रेकॉर्डरसमोर बसून सांगावं, न बोललेल्या गोष्टींच्या त्या घरात आपण कसे वाढलो ते.

मग सगळं उतरवून काढा आणि मोठ्या अक्षरात छापून त्यांना वाचायला द्या. अण्णांनी लाल पेन मागितलं. तारेच्या रिळाचं वजन दुरुस्त केलं, एका गावाचं नाव दुरुस्त केलं आणि बुटांच्या मालकाच्या नावावर रेघ मारली. त्या माणसाची बायको हयात असेपर्यंत ती फाइल कुणाला ऐकवायची नाही, असं सांगितलं. मी ते पाकिटावर तारखेसकट लिहून त्यांची सही घेतली.