कौटुंबिक कंत्राटदार कंपनीत रुजू होणाऱ्या नव्या अभियंत्यांसाठी

स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण संपताच मी एका कौटुंबिक बांधकाम कंपनीत साइट अभियंता म्हणून रुजू झाले. रस्ते, पूल, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचे पाये अशी अवजड कामे ही कंपनी घेत असे. वडील निविदांचे दर ठरवत, थोरले चिरंजीव यंत्रे आणि चालक सांभाळत, धाकटे बिलांच्या मागे असत. कोणाचा अधिकार कोठे संपतो, हे मात्र कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. अशा कंपनीत सूचना तोंडी मिळतात आणि जाब लेखी द्यावा लागतो, हे मला लवकरच कळले. एके सकाळी थोरल्यांनी पोकलेन पायाच्या खड्ड्यावर लावायला सांगितले, दुपारी धाकट्यांनी ते मोरीच्या कामावर हलवले आणि संध्याकाळी खड्डा अर्धवट का राहिला, हा प्रश्न मला विचारला गेला. त्या दिवसापासून कोणी, किती वाजता, काय सांगितले याची नोंद मी डायरीत करू लागले, आणि दोन सूचना परस्परविरोधी दिसल्या की दोघांनाही त्याच वेळी फोन लावू लागले. यात उद्धटपणा आहे असे प्रारंभी वाटते. पण मालकांनाही ते सोयीचेच असते.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक मोजमापात होते, आणि माझीही तेथेच झाली. खोदकामाच्या पहिल्या बिलासाठी मी डंपरच्या खेपा मोजल्या: प्रत्येकी दहा घनमीटरच्या चाळीस खेपा, म्हणजे चारशे घनमीटर. बेरीज पाहून आमचे म्हातारे मुकादम म्हणाले, "मॅडम, माती निघाली की फुगते. गाडी नका मोजू, खड्डा मोजा." टेप लावून पाहिले, तर खड्डा जेमतेम सव्वातीनशे घनमीटर भरला. बहुतेक करारांत खोदकामाचे पैसे जमिनीतील मूळ आकारमानावर मिळतात. सुटी झालेली माती प्रकारानुसार साधारण वीस ते तीस टक्के जास्त जागा व्यापते आणि खडक त्याहूनही अधिक फुगतो. भरावात हिशेब उलटा फिरतो, कारण दाबलेली माती सुट्या मातीपेक्षा कमी जागेत बसते. म्हणून काम सुरू होण्याआधी मूळ जमिनीच्या पातळ्या, म्हणजे जागोजागच्या उंचीची मोजमापे, ग्राहकाच्या अभियंत्यासह घेऊन त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. एकदा यंत्र फिरले की मूळ जमीन दाखवता येत नाही. आमच्या एका कामावर या सह्या घ्यायच्या राहून गेल्या आणि त्यावरचा वाद कित्येक महिने चालला.

झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाला हाच नियम लागू आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळया मोजाव्यात. व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की सळईचे प्रतिमीटर वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १६ मिलिमीटरच्या सळईचे ते सुमारे १.५८ किलोग्रॅम येते. हे सूत्र तोंडपाठ असलेला नवखा मुकादमांच्या नजरेत चटकन वर चढतो. काँक्रीट घट्ट वाटते म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवण्याचा आग्रह मात्र कोणीही धरला तरी मानू नये, कारण वाढीव पाण्याने ताकद घटते आणि २८ दिवसांनी चाचणीचे ठोकळे अपेक्षेपेक्षा कमी भारात फुटू लागले की उत्तर अभियंत्यालाच द्यावे लागते.

चरांच्या बाबतीतही ठाम राहावे लागते. एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक वजनाची असू शकते आणि ती कोसळताना पूर्वसूचना देईलच असे नाही. दीड मीटरहून खोल, उभ्या बाजूंच्या चरात आधाराशिवाय माणूस उतरवू नये आणि उपसलेली माती काठावर रचू नये. "आम्ही वर्षानुवर्षे असेच करतो" हे उत्तर कौटुंबिक कंपनीत हमखास मिळते. अशा वेळी मी वाद न घालता काम थांबवत असे आणि थेट वडिलांना कळवत असे; त्यांनी मला या बाबतीत एकदाही नाही म्हटले नाही.

पैशांचे चक्रही समजून घ्यावे. डिझेल रोज लागते, मजुरी ठरल्या दिवशी द्यावी लागते, चालू बिलाची, म्हणजे झालेल्या कामाच्या टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलाची, रक्कम मात्र तपासणी होऊन सावकाश येते आणि त्यातूनही काही टक्के अनामत म्हणून दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ संपेपर्यंत, अडकून राहते. मालकांच्या कपाळावरच्या आठ्या पुष्कळदा आपल्या चुकीमुळे नसून याच चक्रामुळे असतात. वरची पदे घरातल्यांकडेच राहतात, हेही रुजू होतानाच गृहीत धरावे. त्या बदल्यात निविदेपासून अंतिम बिलापर्यंतचे सगळे काम दोन-तीन वर्षांत हातून जाते, जे मोठ्या कंपनीत क्वचितच घडते.

चौथ्या वर्षी मी राजीनामा दिला, तेव्हा धाकट्या मालकांनी हिशेब पूर्ण करण्याआधी माझ्या सगळ्या डायऱ्या मागून घेतल्या. पातळ्यांच्या त्या वादातले अंतिम बिल तेव्हाही मंजूर झालेले नव्हते.