घाटात ईव्हीची मजा घ्यायचीय? आधी वजन आणि हवा बघा

सावंतवाडीहून आंबोलीला ईव्ही घेऊन जातो म्हटलं की घरातले पहिलं विचारतात, चढाला बॅटरी पुरेल का, आणि मग मोठी बॅटरी, मोठी गाडी असंच डोक्यात सुरू होतं. माझं म्हणणं उलट आहे. आपल्या रस्त्यांना हलकी, बुटकी गाडी घ्या, रेंज पण मिळेल आणि वळणावर जी मजा येते ती दोन टनांच्या एसयूव्हीत नाही येत.

आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे खालून जाताना 600 मीटर चढ धरा. माणसं धरून 1000 किलोची गाडी तेवढी वर उचलायला साधारण 1.6 युनिट वीज लागते, 1500 किलोची असेल तर अडीचच्या जवळ, आणि ही नुसती उचलायची, टायर आणि मोटरमध्ये जाते ती वेगळी. उतरताना रिजनमुळे, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी अडवून वीज बनवते त्यामुळे, बरीचशी परत येते पण सगळी कधीच नाही. वळणावरही तेच, जड गाडी त्याच स्पीडला बाहेर जास्त जोरात ओढते, टायरवर आणि ब्रेकवर ताण येतो. हलकी गाडी स्टिअरिंग फिरवलं की तोंड वळवते, आणि बॅटरी फ्लोअरखाली असली की झोलही कमी खाते.

आता हवा. स्पीड दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. नेहमीच्या हॅचबॅकला ताशी 40 किलोमीटरला टायरचा विरोध जास्त असतो, 60-65 च्या पुढे हवा भारी पडायला लागते. म्हणून रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणांच्या रस्त्यावर वजन कमी असणं कामाला येतं आणि मुंबई-गोवा हायवेला गाडीचा आकार. मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्स या प्रयोगाच्या गाडीने 2022 मध्ये एका चार्जवर 1000 किलोमीटरच्या वर अंतर कापलं, बॅटरी 100 युनिटपेक्षा जराशी कमीच, कारण ड्रॅग कोएफिशियंट, म्हणजे गाडीचा आकार हवा किती अडवतो तो आकडा, फक्त 0.17. जनरल मोटर्सच्या ईव्ही1 ने 1996 मध्येच 0.19 गाठला होता, म्हणजे ही अक्कल जुनीच आहे. फक्त हा आकडा बघून फसू नका, त्याला गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाने गुणायचं असतं, उंच रुंद गाडीचा आकडा चांगला असला तरी हवा जास्त ढकलावी लागते.

घ्यायला जाल तेव्हा ब्रोशरमध्ये कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, आधी शोधा, रेंज नंतर. रोजचं जाणं येणं 60-70 किलोमीटर असेल आणि घरी चार्जिंग असेल तर लहान बॅटरीची गाडी घ्या, उगाच दोन-अडीचशे किलो बॅटरी जास्तीची वागवायची कशाला. आणि टेस्ट ड्राइव्ह सरळ हायवेला घेऊ नका, शोरूमवाल्याला एखाद्या घाटात चल म्हणा.

घेतलेली असेल तर पहिलं काम, टपावरचा कॅरिअर काढा. गणपतीला सामान नेलं आणि पुढे शिमग्यापर्यंत कॅरिअर तसाच, हे मी बऱ्याच गाड्यांवर बघतो, रिकामा असला तरी तो हवा अडवतो आणि वर आवाज पण करतो. आंब्याच्या पेट्या डिकीत, मागची सीट पाडून ठेवा. हायवेला काचा वर, थोडा एसी चालेल. टायरची हवा महिन्यातून दोनदा तरी बघा, गार टायर असताना, कंपनीने दारावर लिहिलेली असते तेवढीच.

चालवताना खरी गोष्ट ही की वळणाच्या आधीच पाय हळूहळू उचलायचा, रिजनने स्पीड उतरू द्यायचा, पुढच्या चाकांवर वजन आलं की वळायचं, आणि वळणापुढचा रस्ता दिसला की मग अ‍ॅक्सिलरेटर, टॉर्क म्हणजे मोटरचा जोर लगेच मिळतो त्यामुळे गाडी वळणातून अशी सुटते की हसूच येतं. सपाट रस्त्याला मात्र रिजन कमी करून गाडी नुसती घरंगळू द्या, वीज परत मिळवण्यापेक्षा खर्चच न झालेली बरी.

आंबोलीला मुक्काम असेल तर सकाळी निघताना 100 टक्के चार्ज करू नका, फुल बॅटरीत रिजनची वीज जायला जागा नसते आणि अख्खा घाट ब्रेकवर उतरावा लागतो. 80 वर थांबा. पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती रस्त्यावर येते तेव्हा रिजन एक पायरी कमी ठेवा, कारण निसरड्यावर पाय एकदम उचलला तर मोटर ज्या चाकांना आहे ती सरकू शकतात.